रेघेला नाव देणारे अक्षर

फळ्यावर पाच आडव्या रेघा काढा, एका रेघेवर टिंब द्या आणि मुलांना विचारा, हा स्वर कोणता? सांगता येणार नाही. टिंब वर गेले की स्वर चढला, खाली आले की उतरला, एवढेच कळते.

युरोपातल्या मठांमध्ये हीच अडचण होती. नवव्या शतकापासून प्रार्थनेच्या शब्दांवर खुणा करीत. त्यांवरून ऐकलेली चाल आठवे. न ऐकलेली मात्र पोथीवरून गाता येत नसे. सारे गुरूकडून ऐकून पाठ करायचे. दहा वर्षे घालवूनही गाणे कच्चेच राहते, असे इटलीतील आरेत्सोच्या ग्वीदो या भिक्षूने लिहून ठेवले आहे. आपल्या पद्धतीने ते एक-दोन वर्षांत येईल, असा त्याचा दावा होता.

त्याने काय केले? इ. स. १०३० च्या सुमारास त्याने खुणा रेघांवर बसवल्या आणि रेघेच्या आरंभी अक्षर लिहिले, एफ किंवा सी. एफची रेघ तांबडी, सीची पिवळी. एका रेघेचे नाव कळले की बाकीची मोजून काढता येतात. म्हणूनच या अक्षराला 'क्लेफ', म्हणजे किल्ली, म्हणतात.

लेखनिकांच्या हातून अक्षरे वळत गेली. ट्रेबल क्लेफ हा मुळात जी. त्याचे वेटोळे खालून दुसऱ्या रेघेभोवती फिरते. बेस क्लेफचे दोन ठिपके एफच्या रेघेच्या वर-खाली असतात. भातखंडे पद्धतीत स्वराचे अक्षरच लिहितात, त्यामुळे तिथे किल्ली लागत नाही.

तेव्हा हे चिन्ह लगेच गिरवायला देऊ नये. मुलांना आधी अडू द्यावे, मग खालून दुसऱ्या रेघेपुढे 'जी' लिहावा. टिंबाचा स्वर मुलेच मोजून सांगतील.