हलव्याचा काटा

दिवाळी अंकात संक्रांतीच्या हलव्याची गोष्ट सांगायला बसणे म्हणजे लग्नाच्या मांडवात बारशाची गाणी म्हणण्यासारखे आहे, हे मला कळते. पण आमच्या ओझरच्या घरी हलव्याची तयारी दिवाळीतच सुरू होई. लक्ष्मीपूजनाचे बत्तासे वाटून झाले, चकलीच्या डब्याचा तळ दिसू लागला, की आत्याआजी सूप पुढे ओढून तीळ निवडायला घेई. एकेक तीळ. फुटका, काळपट, चपटा बाजूला. चंपाषष्ठीला खंडोबाची यात्रा झाली, बाणगंगेवरचा वारा बोचू लागला, की परात माळ्यावरून खाली येई.

निफाड तालुक्याची थंडी सर्वांना ठाऊक आहे. हिवाळ्यात महाराष्ट्रातला नीचांकी पारा म्हणून वर्तमानपत्रात बहुधा निफाडचेच नाव असते. द्राक्षवाले त्या थंडीला शिव्या देतात, आत्याआजी तिला हात जोडी. कारण हलव्याला काटा येतो तो थंड, कोरड्या हवेत. दमट हवेत दाणा गुळगुळीत राहतो, किंवा चिकटून लाडू होतो.

हे काम ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहिते. साखर बुडेल इतके पाणी घालून पाक करायचा, उकळी फुटली की दोन चमचे दूध टाकायचे, म्हणजे मळी वर येते. ती काढून पाक फडक्यातून गाळायचा. शेगडीत निखारे अगदी मंद, वर राख पसरलेली. परातीत भाजलेले तीळ. त्यांवर चमचाभर पाक, आणि मग उघड्या बोटांनी दाणे फिरवीत राहायचे. पाक सुकून पांढरा झाला की पुन्हा चमचाभर. घाई करून दोन चमचे घातले की संपले! पहिल्या दिवशी तीळ नुसता पांढरा होतो. दुसऱ्या दिवशी गोल होतो. काटा तिसऱ्या पहाटे. दाण्यावर जिथे जरासा उंचवटा असतो तिथे पाक आधी चिकटतो, आधी सुकतो, आणि उंचवटा आणखी उंच होतो. वाटीभर तिळांना सात-आठ वाट्या साखर सहज खपे. आत्याआजीच्या उजव्या हाताची बोटे टोकाशी इतकी गुळगुळीत झाली होती, की माझी वेणी घालताना मला तिचा डावा आणि उजवा हात डोळे मिटून ओळखता येई.

या साखरेलाही इतिहास आहे, आणि तो आपल्याला वाटतो तितका घरगुती नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा अशी उसाच्या रसाची रूपे मांडली आहेत. त्यातला खंड इराणात जाऊन कंद झाला, अरबांकडून युरोपात पोहोचला आणि शेवटी इंग्रजांच्या तोंडी कँडी झाला. म्हणजे शाळेसमोरच्या बरणीतली कँडी ही आपलीच माहेरवाशीण. उलट हलवा हा शब्द अरबांचा, आणि तो मात्र आपल्या देवघरापर्यंत येऊन बसला.

आमच्या आजीच्या पिढीत शुभ्र साखरेला मोरस म्हणत. मोरस म्हणजे मॉरिशस. १८३४ पासून हिंदुस्थानातली माणसे करारावर त्या बेटावरच्या उसाच्या मळ्यांत गेली, त्यांत रत्नागिरीकडची मराठी कुटुंबेही होती. त्यांची नातवंडे-पणतवंडे आजही तिथे गणपती बसवतात. इथल्या बायका ज्या पांढऱ्या साखरेचा काटा कौतुकाने मिरवीत, तिचा ऊस कदाचित आपल्याच कोणा गाववाल्याने तोडलेला असे. १९०५ च्या स्वदेशी चळवळीत परदेशी साखरेवर बहिष्कार पडला. ती हाडांच्या कोळशातून गाळतात, हे कळल्यावर सोवळ्याच्या घरांनी तर तिचे नावच टाकले. आमच्या पणजोबांनी ती शपथ घेतली तेव्हाचा हलवा देशी साखरेचा, पिवळसर झाला होता, असे घरात सांगत. पुढे १९३२ मध्ये साखरधंद्याला संरक्षण मिळाले, आणि १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटलांचा सहकारी कारखाना सुरू झाला. मग साखर परकी राहिली नाही.

काटेरी दाणा केवळ आपलाच, असा माझा समज बरीच वर्षे होता. तो एका पुस्तकाने मोडला. १५६९ मध्ये लुईस फ्रॉइस या पोर्तुगीज पाद्र्याने जपानच्या ओदा नोबुनागाला काचेच्या कुपीतून साखरेचे दाणे भेट दिले. पोर्तुगीज त्यांना कोन्फेतो म्हणत, जपानी लोकांनी त्याचे कोम्पेतो केले. ते कसे करतात हे जपान्यांना कळेना. इहारा साइकाकू या लेखकाने १६८८ मध्ये लिहिलेल्या कथेत नागासाकीच्या एका गरिबाला अखेर गुपित सापडते, की आत तीळ असतो! आजचे कोम्पेतो तापलेल्या, तिरक्या, फिरत्या कढईत सुमारे दोन आठवडे घोळवतात, आणि त्याला आपल्या हलव्यासारखीच शिंगे फुटतात. ती शिंगे का फुटतात याचा विचार तोराहिको तेरादा या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाने गंभीरपणे केला होता. आत्याआजीला हे सांगायला ती हयात नव्हती. असती तर, "दोन आठवडे? त्यांच्याकडे निफाडची थंडी नसेल," असे म्हणाली असती.

आता आत्याआजीविषयी. ती माझ्या आजोबांची धाकटी बहीण. नवव्या वर्षी लग्न झाले, आणि १९१८ च्या मानमोडीच्या साथीत, अकराव्या वर्षी, ती माहेरी परत आली ती कायमची. कर्व्यांनी विधवांसाठी पुण्यात संस्था काढून तेव्हा वीसेक वर्षे झाली होती, पण ओझरच्या आमच्या वाड्यातून पुणे फार दूर होते. तिला शाळेऐवजी परात मिळाली. घरातल्या प्रत्येक सुनेचे, प्रत्येक लेकीचे पहिल्या संक्रांतीचे दागिने तिने केले. हलव्याच्या दाण्याला भोक पाडता येत नाही, फुटतो. दोऱ्याची बारीक फास एकेका दाण्याच्या काट्यांत अडकवून तो ओवावा लागतो. मुकुट, नथ, तन्मणी, बाजूबंद, तोडे, कंबरपट्टा, आणि मंगळसूत्र. ते सगळे तबकात ठेवून ती स्वयंपाकघराच्या दारामागे जाई. हळदीकुंकवाला तिने बाहेर यायचे नसे. कोणी तसे म्हणतही नसे. म्हणायची गरजच पडत नसे.

माझ्या ताईचे लग्न १९६६ च्या वैशाखात झाले. त्या हंगामात दुष्काळाने ऊस वाळला होता, साखर रेशनवर मापून मिळे. दिवाळीचा फराळ आम्ही गुळावर भागवला, चहाही गुळाचा. शेजारच्या मिगच्या कारखान्यात (तो १९६४ मध्ये उभा राहिला, आणि आमच्या ओझरला त्याचेच नाव चिकटले) नोकरीला आलेल्या एका पंजाबी कुटुंबातल्या बाईंनी आपल्या कार्डावरची साखर आईच्या पदरात घातली. "बेटीचे गहने साखरेचे?" त्या हसून म्हणाल्या. "मला पाहायचेत."

आणि नेमके संक्रांतीच्या आधी आभाळ आले. दोन दिवस काटा बसेना. दाणे गोट्यांसारखे गुळगुळीत. पुन्हा करायला घरात साखर नव्हती. आई रडकुंडीला आली. आत्याआजी काही बोलली नाही. परात फडक्याने बांधून ती तिच्याशेजारीच झोपली. तिसऱ्या रात्री केव्हातरी आभाळ फाटले. पहाटे तीनला मला शेगडीचा वास आला. मी उठून पाहिले तो ती दाणे फिरवीत होती, आणि निखाऱ्याच्या उजेडात परातीत चांदण्या पडल्यासारखे दिसत होते.

संक्रांतीला ताई काळी चंद्रकळा नेसली. ओटीवर बायका जमल्या, तबक आले. ताई उठली आणि तबक उचलून सरळ स्वयंपाकघरात गेली. मी तिच्यामागे.

"आत्याआजी, तूच घाल."

"वेडी की काय! मी हात लावायचा नसतो, बाळ."

"हात लावल्याशिवाय झाले का हे? तीन दिवस तुझीच बोटे फिरताहेत यात."

आत्याआजीने तबकाकडे पाहिले. नंतर दाराकडे. आई दारात उभी होती. आईने दार लोटून घेतले आणि स्वतः बाहेर, बायकांत जाऊन बसली. आत्याआजीने मुकुटाला हात लावला नाही, मंगळसूत्राला तर नाहीच. तिने फक्त तोडे घेतले आणि ताईच्या मनगटांवर बांधले. गाठ मारताना तिची बोटे इतकी थरथरली, की दोन दाणे सुटून फरशीवर पडले. ते मी उचलून खाल्ले. बाकीचे दागिने बाहेर आईने घातले. मंगळसूत्र पाहून त्या पंजाबी बाई म्हणाल्या, "हे केले कोणी?" कोणी उत्तर देण्याआधी आईने स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट केले.

२०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवांचे कुंकू पुसण्या-बांगड्या फोडण्याच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा ताईने मला दूरध्वनी केला. बराच वेळ आम्ही दोघी ठरावाविषयी काहीच बोललो नाही. मग तिने विचारले, "परात कुठे आहे गं?"

परात माझ्याकडे आहे. गेल्या पौषात नातसुनेसाठी मी ती काढली. गॅसच्या बारीक ज्योतीवर तवा, तव्यावर परात. पहिल्या दिवशी बोटे पोळली. दुसऱ्या दिवशी मी पाक जास्त घातला आणि नातसुनेने माझ्या हातून चमचा काढून घेतला. तिसऱ्या पहाटे बाहेर धुके नव्हते, हवा कोरडी होती. तिनेच मला हाक मारून उठवले.