भारी धान

आमच्या बपेऱ्याकडे धान दोन तऱ्हेचा. हलका धान दिवाळीच्या सुमारास कापणीला येतो, भारी धान त्यानंतर. दिवाळीत भारी धानाची हिरवी बांधी बघून "हा काही पिकत नाही" असं कोणताच शेतकरी म्हणत नाही. आम्ही मास्तर मंडळी मात्र पोरांच्या बाबतीत खुशाल म्हणतो. मीही म्हटलं होतं. ते सांगतोच, पण आधी क्रिकेट.

परवा नातवाने विचारलं, "आजोबा, पहिल्या सहा डावांत मिळून एकच धाव काढणाऱ्याला तुम्ही संघात ठेवलं असतं का?"

"मुळीच नाही," मी म्हटलं.

मग त्याने हसत हसत नाव सांगितलं, मार्वन अटापट्टू. मलाही आठवलं. 1990 साली चंडीगडला भारताविरुद्ध पहिली कसोटी, दोन्ही डावांत शून्य. 1992 मध्ये कोलंबोला शून्य आणि एक. 1994 मध्ये अहमदाबादला पुन्हा दोन शून्यं! पुढे हाच गडी 90 कसोट्या खेळला, 16 शतकं काढली, त्यातली सहा द्विशतकं. श्रीलंकेचा कर्णधारही झाला.

पण अटापट्टूला निदान दाराच्या आत घेतलं होतं. आपल्या विदर्भाच्या उमेश यादवला दार कुठे आहे हेच बराच काळ ठाऊक नव्हतं. हा नागपूरजवळच्या वलनीचा, वडील कोळसा खाणीत कामगार. त्याने सैन्यात जाऊन बघितलं, पोलिसांत जाऊन बघितलं, दोन्हीकडे निवड झाली नाही. क्रिकेट खेळायचा ते टेनिस बॉलने. 2007 मध्ये विदर्भ जिमखान्यात आला तेव्हा कुठे लेदर बॉल हाती लागला. वय एकोणीस! त्या वयात सचिनच्या नावावर कसोटी शतकं होती.

कागदावर बघाल तर या मुलात काही नव्हतं. होता तो फक्त वेग. विदर्भाचे तेव्हाचे कर्णधार प्रीतम गंधे यांनी तो ओळखला. नोव्हेंबर 2008 मध्ये मध्य प्रदेशविरुद्ध उमेश पहिला रणजी सामना खेळला आणि त्या मोसमात चार सामन्यांत 20 बळी घेतले. 2010 मध्ये एकदिवसीय संघात, नोव्हेंबर 2011 मध्ये दिल्लीला वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटीत. विदर्भाचा तो पहिला कसोटीपटू. 2015 च्या विश्वचषकात भारतातर्फे सर्वाधिक, म्हणजे 18 बळी त्याचेच. 2018 मध्ये हैदराबादच्या कसोटीत दहा बळी. एकूण 57 कसोट्या, 170 बळी. लेदर बॉल पहिल्यांदा हाती धरल्यापासून कसोटीपर्यंत अवघी चार वर्षं लागली. म्हणजे उशीर त्याला झाला नव्हता, आपल्याला झाला होता.

विदर्भाच्या संघाचंही तेच. 1957-58 पासून रणजी खेळणारा हा संघ साठ वर्षं कोणाच्या खिजगणतीत नव्हता. चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले, मुंबईचा वसीम जाफर सोबतीला आला आणि 2017-18 मध्ये आपण दिल्लीला हरवून करंडक आणला. पुढच्याच वर्षी पुन्हा आणला, 2024-25 मध्ये तिसऱ्यांदा.

असो. आता माझी गोष्ट.

तीसेक वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. कापणी झाली की पोरं बांधीतली धसकटं काढून खेळायची. हा असा काही वेगात चेंडू टाकायचा की यष्टीमागे उभं राहायला कोणी तयार होत नसे. तालुक्याच्या शालेय स्पर्धेला नावं पाठवायची होती. याचं नाव मी गाळलं. गणितात दोनदा नापास झाला होता ना! वर सगळ्यांसमोर म्हटलं, "चेंडू फेकून पोट भरत नाही रे."

त्याने खेळ सोडला. गणित तरीही आलं नाही.

आज तो दुसऱ्यांचा ट्रॅक्टर चालवतो. तो उमेश यादव झाला असता असं मी म्हणत नाही, बहुधा झालाही नसता. पण ते ठरवायचं काम तुमसरच्या मैदानाचं होतं, माझ्या गणिताच्या वहीचं नव्हतं.

पहिला रणजी करंडक जिंकला त्या दिवशी, 1 जानेवारी 2018 ला, तो पानटपरीवर भेटला. न राहवून मी ती जुनी गोष्ट काढली. तो हसला. "जाऊ द्या ना गुरुजी, तुमी तं भल्यासाठीच सांगतलं होतं."

त्याने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. माझ्या हातचा चहा तसाच थंड झाला.