चौथे बल: ‘निशांत’ विमान आणि अहमदनगर

१/७
उडणाऱ्या विमानावर चार बले कार्य करतात: खाली खेचणारे वजन, वर धरणारी उचल, मागे रोखणारा हवेचा अवरोध आणि पुढे नेणारा रेटा. भारताच्या ‘निशांत’ या वैमानिकरहित विमानाचा रेटा मात्र आयात केलेल्या इंजिनातून येत असे. तो देशात घडवण्याच्या प्रयत्नात रणगाड्यांचे शहर असलेल्या अहमदनगरचा (आजचे अहिल्यानगर) वाटा होता.

२/७
उचल अनुभवण्यास कागदाची पट्टी पुरते. तिचे टोक ओठांखाली धरून वरून फुंकर घातली, की लोंबणारे टोक उचलले जाते. दोन सारखे कागद घेऊन एक चुरगळावा आणि दोन्ही एकाच उंचीवरून सोडावेत. वजन समान असूनही गोळा आधी पडतो. सपाट कागदाला अवरोध अधिक होतो.

३/७
कागदी विमान रेट्याचे मोल सांगते. हाताने दिलेला वेग अवरोधामुळे ओसरतो, वेगाबरोबर उचल घटते आणि विमान जमिनीवर येते. हवेत टिकण्यासाठी रेटा सतत मिळायला हवा. तो देणारे इंजिन हलकेही हवे, अन्यथा पेलायचे वजनच वाढते.

४/७
बंगळूरच्या ‘एडीई’ने घडवलेल्या निशांतला धावपट्टी लागत नसे. ट्रकवरील प्रक्षेपकातून ते गलोलीतल्या खड्यासारखे झेपावे आणि पॅराशूटने उतरे. प्रक्षेपकाचा धक्का क्षणभराचा. पुढची सारी भिस्त इंजिनावर.

५/७
यासाठी निवडले गेले वांकेल इंजिन. जर्मन अभियंते फेलिक्स वांकेल यांच्या या रचनेत खाली-वर होणाऱ्या दट्ट्याऐवजी त्रिकोणी चक्री फिरते. त्यामुळे वजनाच्या मानाने शक्ती अधिक मिळते. इंजिनाचा गाभा बंगळूरच्या ‘एनएएल’ने घडवला. प्रज्वलन व इंधन यंत्रणा अहमदनगरच्या ‘व्हीआरडीई’ या लष्करी वाहन संशोधन संस्थेने विकसित केल्या.

६/७
२००९ मध्ये कर्नाटकातील कोलार येथून या इंजिनासह निशांत झेपावले आणि सुमारे ४० मिनिटे उडाले. इंजिनाचे वजन सुमारे ३० किलो, शक्ती ५५ अश्वशक्ती.

७/७
पुढे लष्कराला मिळालेली निशांत विमाने अपघातांत गेली आणि २०१५ मध्ये लष्कराने पुढील खरेदी थांबवली. तरीही २००९ च्या त्या उड्डाणाचे महत्त्व उरते. पंख स्वतःचे असून रेटा उसना असेल, तर आकाशातले स्वावलंबन अपुरेच राहते.