हॉर्टस मलबारिकस

हॉर्टस मलबारिकस (अर्थ: मलबारची बाग) हा मलबार किनाऱ्यावरील वनस्पतींचा बारा खंडांचा सचित्र लॅटिन ग्रंथ आहे. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे प्रकाशित झाला. त्यात सुमारे ७४० वनस्पतींची वर्णने असून औषधी आणि विषारी वनस्पतींचा मोठा भरणा आहे.

== निर्मिती ==
डच ईस्ट इंडिया कंपनीचा मलबारमधील अधिकारी हेंड्रिक व्हान रेडे (१६३६–१६९१) याने हे काम कोचीन येथे करवून घेतले. स्थानिक नावे व औषधी उपयोग यांची माहिती इट्टी अच्युतन हे मलयाळी वैद्य, तसेच रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट या तीन कोकणी वैद्यांनी पुरवली. या तिघांचे १६७५ मधील कोकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी लिपीत छापले आहे. देवनागरीच्या आरंभीच्या छापील नमुन्यांत त्याची गणना होते. अखेरचे खंड व्हान रेडेच्या निधनानंतर निघाले.

== चित्रे ==
ग्रंथात ताम्रपटांवर कोरून छापलेली सुमारे ७९० चित्रे आहेत. त्यांत फांदी, पाने, फुले आणि फळे दाखवली असून अनेक ठिकाणी कापलेले फळ व बीही रेखाटले आहे. अनेक चित्रांवर वनस्पतीचे नाव रोमन, मलयाळम, अरबी आणि नागरी लिपींत दिलेले आढळते.

== विषारी वनस्पती ==
पहिल्या खंडात 'कनिरम' म्हणजे काजरा आणि 'ओडोल्लम' यांची चित्रे आहेत. काजऱ्याच्या बियांत स्ट्रिक्नीन हे तीव्र विष असते. तरीही शोधन केल्यानंतर त्या आयुर्वेदात औषध म्हणून वापरल्या जातात. ओडोल्लमच्या बियांतील विष हृदयाची क्रिया बंद पाडू शकते. 'सर्बेरा ओडोल्लम' या शास्त्रीय नावात तिचे मलयाळम नाव आजही टिकून आहे.

== महत्त्व ==
कार्ल लिनियसने १७५३ च्या 'स्पीशीज प्लँटारम' या ग्रंथात यातील अनेक चित्रांचा आधार घेतला. व्हान रेडेच्या वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह उपलब्ध नसल्यामुळे काही शास्त्रीय नावांसाठी ही चित्रेच अधिकृत प्रमाण-नमुना मानली जातात. एखादे जुने नाव नेमके कोणत्या वनस्पतीचे, हे ठरवताना अभ्यासकांना त्यांच्याकडेच वळावे लागते. वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी केलेला ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद २००३ मध्ये, तर मलयाळम अनुवाद २००८ मध्ये केरळ विद्यापीठाने प्रकाशित केला.