फोटोतली दुरुस्ती राहते कुठे?

आपण इथे कॅमेऱ्यांचा आणि फोटोंचा इतिहास बोलत असतो, पण तुमच्याकडून येणारा प्रश्न बहुतेक वेळा आजचाच असतो. ‘फोटो उजळवला, कडेचा कापला, सेव्ह दाबलं. दुसऱ्या दिवशी उघडला तर जसाच्या तसा! असं का?’ याचं उत्तर बटणांत शोधायच्या आधी एक वेगळा प्रश्न विचारू या. फोटोत केलेली दुरुस्ती नेमकी राहते कुठे? या प्रश्नासाठी मी तुम्हाला दीडशे वर्षं मागे नेणार आहे. फार लांब जायचं नाही, मेरठजवळच्या सरधन्यापर्यंत. आजच्या हिशेबात ते एनसीआरमध्येच येतं.

या सरधन्यात १८४४ साली लाला दीनदयाळ जन्मले. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात शिकले, आणि १८६६ साली इंदूरला बांधकाम खात्यात नकाशे काढण्याच्या कामावर लागले. इंदूर म्हणजे होळकरांचं. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी या हौशी माणसाला उत्तेजन दिलं. पुढे ते निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले, सिकंदराबादला आणि १८९६ साली मुंबईत त्यांचे स्टुडिओ निघाले, आणि १९०५ साली मुंबईतच ते वारले. त्यांच्या स्टुडिओतल्या अडीच हजारांहून अधिक काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत.

काचेची निगेटिव्ह ही त्या काळातली ‘ओरिजिनल फाइल’. तिच्यावरून कागदावर हव्या तितक्या प्रती काढायच्या. आता एखादे सरदार फोटो काढून घ्यायला आले. तेव्हाचा मसाला निळ्या उजेडाला फार आणि तांबड्याला जवळजवळ नाहीच, असा प्रतिसाद द्यायचा. परिणाम असा की चेहऱ्यावरचा प्रत्येक तीळ आणि डाग होता त्याहून गडद दिसायचा आणि आकाश मात्र पांढरं, कुठे कुठे डागाळलेलं. म्हणजे रिटचिंग ही नुसती नट्टापट्ट्याची हौस नव्हती, यंत्राची खोड झाकायचा तो उपाय होता.

हे काम तीन जागी करता यायचं, आणि आजच्या विषयाचं मर्म या तीन जागांमध्येच आहे.

पहिली जागा, निगेटिव्हचा पृष्ठभाग. काचेवर व्हार्निश चढवायचं, ते किंचित खरखरीत करायचं आणि टोकदार शिसपेन्सिलीनं सुरकुतीवर बारीक रेघा मारायच्या. निगेटिव्हवर जिथे काळं वाढतं तिथे प्रत उजळते, म्हणून सुरकुती भरून निघायची. आकाश साफ करायचं तर त्यावर लाल किंवा काळा अपारदर्शक रंग फासायचा. ही दुरुस्ती पुढच्या प्रत्येक प्रतीत आपोआप उतरायची. दुसरी जागा, त्याच काचेवर पण चाकूनं. मसाला खरवडून टाकायचा म्हणजे प्रतीत तो भाग गडद होतो. खरवडलेलं परत मात्र येत नाही. तिसरी जागा म्हणजे कागदावरची प्रत. आपल्याकडे राजेरजवाड्यांच्या फोटोंवर चित्रकारांनी रंग चढवलेले असतात, कधी इतके की खालचा फोटो शोधावा लागतो. दिल्लीच्या अल्काझी संग्रहात असे रंगवलेले फोटो आहेत. तो संग्रह उभा करणारे इब्राहिम अल्काझी मूळ पुण्यात जन्मलेले, राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक म्हणून दिल्लीने त्यांना ओळखलं. प्रतीवरचा हा रंग फक्त त्या एका प्रतीचा. निगेटिव्हला त्याचा पत्ताच नाही. दुसरी प्रत काढली की फेटा पुन्हा करडा!

बघा, ‘काल रंगवला होता, आज साधाच आला’ ही तक्रार तेव्हाही करता आली असती. रंग हरवला नव्हता, तो दुसऱ्या जागी होता.

आणि पेन्सिलीचं काय? व्हार्निशवरची पेन्सिल पुसता येते. म्हणजे मूळ चित्राला धक्का न लावता वर एक थर चढवायचा ही कल्पना संगणकाची नाही, ती या कारागिरांची. तिचा धोकाही तेव्हापासूनचाच. जुन्या काचा साफ करताना हयगयीनं फडकं फिरवलं तर धुळीबरोबर रिटचिंगही जातं. म्हणून संग्रहालयात मसाल्याच्या बाजूला हात लावण्यापूर्वी दहादा विचार करतात.

आता संगणकाकडे येऊ. थॉमस आणि जॉन नोल या भावांचं फोटोशॉप १९९० साली बाजारात आलं. ते चाकूच्या जातीचं होतं. बदल थेट चित्रावर, मागे जायची सोय एकाच पायरीची. थर आले १९९४ मध्ये, अनेक पायऱ्या मागे नेणारा इतिहास आला १९९८ मध्ये. शिवाय जेपेग फाइल बदलून पुन्हा सेव्ह केली की दर वेळी थोडी माहिती गळते. घरगुती फोटोंचं यात नुकसान होऊ लागलं, आणि मग प्रोग्राम लिहिणारे पुन्हा पेन्सिलीकडे वळले. मूळ फाइलला हात लावायचा नाही, ‘उजेड इतका वाढव, इथून काप’ अशा सूचना तेवढ्या वेगळ्या लिहून ठेवायच्या. २००७ साली आलेलं लाइटरूम या सूचना आपल्या कॅटलॉगमध्ये ठेवतं. आयफोननं २०१४ पासून फोटोशेजारी ‘एएई’ नावाची छोटी फाइल ठेवायला सुरुवात केली. ती फाइल म्हणजे फोटो नव्हे, फोटोवरची पेन्सिल.

हे कळलं की निम्म्या तक्रारी आपोआप सुटतात. फोनमधून केबलनं फोटो लॅपटॉपवर घेतला आणि तो जुनाच दिसतोय? मग तुम्ही निगेटिव्ह उचलून आणली आहे. त्याच क्रमांकाची, नावात ‘ई’ अक्षर जोडलेली दुसरी फाइल असेल तर बदललेला फोटो तोच. नसेल तर प्रोग्रामला एक्सपोर्ट करायला सांगा. एक्सपोर्ट म्हणजे नवी प्रत छापणं.

उरलेल्या निम्म्या तक्रारींत मात्र दुरुस्ती खरोखर लिहिलीच जात नाही, आणि त्यामागेही इतिहास आहे. २०१३ च्या अँड्रॉइड किटकॅटनं बाहेरच्या ॲप्सना मेमरी कार्डवर मनाला येईल तिथे लिहायला बंदी केली. त्या वर्षांत स्वस्त फोन घेऊन सगळे फोटो कार्डावर टाकणाऱ्यांचे एडिट अचानक ‘सेव्ह होऊ शकत नाही’ म्हणू लागले. पुढे अँड्रॉइड ११ पासून एखादं ॲप दुसऱ्यानं काढलेल्या फोटोत बदल करू लागलं की फोन आधी तुमची परवानगी विचारतो. घाईत ‘नाही’ दाबलं की संपलं. विंडोज १० मध्ये २०१७ साली खंडणीखोर व्हायरसपासून वाचवायला एक कुलूप आलं. ते चालू असेल तर ‘पिक्चर्स’ फोल्डरमध्ये अनोळखी प्रोग्रामला लिहिताच येत नाही. आणि मूळ फोटो क्लाउडवर, फोनमध्ये नुसतं लहान चित्र, नेट मंद, अशा वेळी दुरुस्ती करायला मूळच हाताशी नसतं. मेट्रोत बसून एडिट करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी जागा शिल्लक आहे का बघा, मग मूळ फोटो पूर्ण उतरलाय का, मग परवानगी. एवढं करूनही अडलं तर ‘प्रत म्हणून सेव्ह’ करा. प्रत सेव्ह होते पण मूळ बदलत नाही, असं झालं तर घोडं परवानगीपाशी किंवा फाइलच्या प्रकारापाशी अडलंय हे नक्की.

एक गोष्ट मात्र मला नुसत्या तक्रारीपेक्षा मोठी वाटते. पिकासा आठवतं? २००४ मध्ये गुगलनं ते घेतलं आणि फुकट वाटलं. नोकरीनिमित्त दिल्लीत आलेल्या कितीतरी मराठी घरांत आजी-आजोबांचे स्कॅन केलेले फोटो, गणपतीचे, मुंजींचे, पिकासात लावलेले होते. पिकासाही पेन्सिलीच्या जातीचं. तुम्ही केलेला बदल फोल्डरमधल्या एका लपलेल्या फाइलमध्ये राहायचा, ‘सेव्ह’ म्हटल्यावरच फोटोत उतरायचा आणि मूळ फोटो दुसऱ्या लपलेल्या फोल्डरमध्ये जायचा. फोटोखाली लिहिलेली ओळ जेपेगच्या आत जायची, पण चेहऱ्याला चौकट करून लिहिलेलं नाव एरवी त्या लपलेल्या फाइलमध्येच. मार्च २०१६ मध्ये गुगलनं पिकासाचा आधार काढून घेतला. लोकांनी नवे संगणक घेतले, फोटो निवडून पेनड्राइव्हवर टाकले. फोटो आले, नावं मागे राहिली. मागच्या रांगेत डावीकडून तिसऱ्या बसलेल्या बाई कोण हे सांगणारं माणूस आता बऱ्याच घरांत उरलेलं नाही. उजेड पुन्हा वाढवता येतो हो, पण नाव कोणाला विचारायचं?

जुना संगणक किंवा हार्डडिस्क माळ्यावर असेल तर भंगारात देऊ नका. ती जोडा, लपलेल्या फाइली दाखवायला सांगा. प्रत्येक फोटो-फोल्डरमध्ये ‘पिकासा डॉट आयएनआय’ नावाची फाइल शोधा, तिची एक प्रत करा आणि साध्या नोटपॅडमध्ये उघडा. पिकासा लागत नाही. खूप आकडे दिसतील, घाबरू नका. ‘काँटॅक्ट्स’ अशा मथळ्याखाली एकेक ओळ असेल: आधी आकडे-अक्षरांचा एक गिचमिड क्रमांक, मग बरोबरचं चिन्ह आणि त्यापुढे नाव. तोच क्रमांक फोटोच्या नावाखाली ‘फेसेस’च्या ओळीत शोधा. तो जिथे सापडेल, त्या फोटोत ती व्यक्ती आहे.