आरोपी गोळी, साक्षीदार गोळी: स्टॅटिन आणि किरणोपचाराचा इतिहास

आजचा विषय औषधाचा आहे, पण आम्ही डॉक्टर नाही, तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी आहोत. तेव्हा कोणती गोळी घ्यावी, कोणती सोडावी, हे आम्हांला विचारू नका, ते आपापल्या डॉक्टरांना विचारा. आपल्याला पाहायचंय ते एवढंच, की 'अमक्यामुळे तमकं झालं' असं म्हणण्याचा हक्क माणसाला केव्हा मिळतो. त्यासाठी कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांचा इतिहास फार उपयोगी आहे. या गोळ्यांवर आधी कर्करोग घडवल्याचा आरोप झाला. आज त्याच गोळ्यांनी स्तनाच्या कर्करोगावरचा किरणोपचार, म्हणजे लोक ज्याला 'शेक' किंवा 'लाइट' म्हणतात तो, अधिक परिणामकारक होईल का, हे तपासलं जातंय.

सुरुवात जपानमधली. टोकियोच्या सांक्यो कंपनीत अकिरा एंडो नावाचे संशोधक होते. त्यांचा तर्क असा: बुरशीलाही शेजारच्या जीवांशी लढावं लागतं, मग एखादी बुरशी शत्रूचं कोलेस्टेरॉलसारखं द्रव्य तयार होणं बंद पाडणारं रसायन बनवत असेलच. १९७१ पासून दोन वर्षं त्यांनी सहा हजारांहून जास्त नमुने तपासले. १९७३ साली क्योटोतल्या तांदळावर सापडलेल्या निळ्या-हिरव्या बुरशीत हवं ते मिळालं. त्याला पुढे कॉम्पॅक्टिन म्हणू लागले. उंदरांवर दिलं तर काहीच परिणाम नाही! विषय तिथेच संपायचा. पण त्यांच्या एका सहकाऱ्याकडे प्रयोगाच्या अंडी देणाऱ्या कोंबड्या होत्या. अंड्यात कोलेस्टेरॉल भरपूर, म्हणजे कोंबडीच्या रक्तातही असणार. कोंबड्यांना औषध दिलं आणि कोलेस्टेरॉल उतरलं. विज्ञानाच्या इतिहासात कोंबड्यांना जेवढा मान मिळायला हवा तेवढा मिळालेला नाही, असं आमचं जुनं मत आहे.

१९७८ मध्ये जपानमध्ये पहिल्या रुग्णांना हे औषध मिळालं. आणि १९८० साली सांक्योने काम अचानक थांबवलं. मोठ्या मात्रेत औषध दिलेल्या कुत्र्यांत गाठींसारखं काहीतरी दिसल्याची बातमी होती. तो कर्करोग होता हे एंडोंना पटलं नाही. पण ते तोवर कंपनी सोडून गेले होते. बातमी अमेरिकेत पोचली आणि मर्क कंपनीनेही आपल्या लोव्हास्टॅटिनच्या चाचण्या थांबवल्या. पुन्हा तपासण्या झाल्या आणि १९८७ साली लोव्हास्टॅटिनला अमेरिकेत मंजुरी मिळाली. मधली वर्षं एका संशयात गेली.

संशय तिथे संपला नाही. १९९६ साली 'केअर' नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. एकदा हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ४१५९ जणांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं होतं, एकाला प्रॅव्हास्टॅटिन, दुसऱ्याला नुसती साखरेची म्हणतात तशी गोळी. हृदयाला फायदा झाला. पण स्तनाचा कर्करोग? खोटी गोळी घेणाऱ्या गटात एक बाई, आणि प्रॅव्हास्टॅटिनच्या गटात बारा. एकास बारा! ऐकणाऱ्याच्या छातीत धस्स व्हावं असाच हा आकडा. चाचणी नीट, वाटणी नीट, तरी आकडा फसवू शकतो, कारण स्त्रिया होत्या फक्त ५७६ आणि एवढ्या थोड्यांत नशीबही बोलतं. २०१२ साली २७ चाचण्यांतल्या सुमारे पावणेदोन लाख लोकांची माहिती एकत्र मांडली, तेव्हा स्टॅटिनमुळे कर्करोग वाढतोही नाही आणि कमीही होत नाही, असं दिसलं.

मग याच गोळीकडून किरणोपचाराला मदतीची आशा कुठून आली? पेशी मेव्हॅलोनेट नावाचं द्रव्य बनवते, आणि स्टॅटिन नेमकं तेच बनणं रोखतं. मेव्हॅलोनेटपासून कोलेस्टेरॉल होतं खरं, पण चरबीच्या छोट्या शेपट्याही होतात. रास, ऱ्हो अशी काही प्रथिनं त्या शेपटीनेच पेशीच्या पडद्याला चिकटतात आणि 'जग, वाढ' असे निरोप देतात. किरण पेशीचा डीएनए तोडतात. कर्कपेशी तो सांधून पुन्हा उभी राहू पाहते. शेपटीच तोडली तर निरोप थांबतील आणि पेशी किरणांपुढे टिकणार नाही, अशी ही कल्पना. प्रयोगशाळेतल्या बशीत असं घडताना दिसलं आहे. २०१४ साली ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन केंद्राने सिमव्हास्टॅटिनचे असे प्रयोग प्रसिद्ध केले, आणि सोबत जुने कागद चाळले. रोग होता दाहक स्तनकर्करोग. यात स्तन लाल होतो, सुजतो, वरवर पाहता गळू वाटावं. रोग मात्र फार आक्रमक. स्तन काढल्यावर किरणोपचार झालेल्या या रुग्णांत स्टॅटिन घेणाऱ्यांचा रोग त्या जागी जास्त आटोक्यात राहिला होता.

त्याआधी, २०११ साली, डेन्मार्कमधल्या १८,७६९ स्त्रियांच्या नोंदींतूनही असंच दिसलं होतं. सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्यांत दहा वर्षांत दर शंभरामागे साधारण दहा जणींचा रोग उलटणं कमी.

आता आमचा मुलूख आला. या बायकांना कोणी वाटून दिलं नव्हतं. ज्यांना गोळी मिळाली त्यांना मिळाली. शिवाय एक बारकी अडचण आहे, तिला संशोधक 'अमर काळ' म्हणतात. समजा, निदानानंतर दोन वर्षांनी एका बाईची गोळी सुरू झाली. तिला 'गोळी घेणारी' या रकान्यात टाकलं की ती दोन वर्षं आपोआप तिच्या खात्यात जमा होतात, कारण त्या काळात ती गेली असती तर त्या रकान्यात आलीच नसती! गोळीने काही न करताही ती जीवदान देणारी ठरते. २०१८ साली अमेरिकेतल्या सतरा हजारांवर कर्करुग्णांच्या नोंदी ही चूक टाळून मांडल्या, जणू चाचणीच चालू आहे अशा पद्धतीने. तेव्हा गोळीचा फायदा उरला नाही. त्याच्या आदल्या वर्षी ब्रिटनमध्ये फुप्फुसाच्या एका कर्करोगात ८४६ रुग्णांवर प्रॅव्हास्टॅटिनची खरी चाचणी झाली, त्यातही फायदा दिसला नाही.

म्हणून आशा खोटी ठरली, असं नाही. तो कर्करोग वेगळा, गोळीही वेगळी. प्रॅव्हास्टॅटिन पाण्यात विरघळणारं, सिमव्हास्टॅटिन चरबीत. गंमत म्हणजे फ्रान्समधल्या संशोधकांनी प्रॅव्हास्टॅटिन उलट्याच कामासाठी वापरून पाहिलं: मान-घशाच्या किरणोपचारानंतर चांगली कातडी निबर होते, ती सैल व्हावी म्हणून. तिथे काही रुग्णांत सुधारणा दिसली. म्हणजे एकाच घराण्यातली एक गोळी कर्कपेशी हळव्या करील आणि दुसरी निरोगी ऊती सांभाळील, असंही शक्य आहे.

डेन्मार्कमध्ये २०२० पासून मोठी चाचणी चालू आहे. तीन हजारांहून अधिक स्त्रिया, नेहमीच्या उपचारांसोबत दोन वर्षं रोज ८० मिलिग्रॅम अटोरव्हास्टॅटिन किंवा खोटी गोळी, आणि मोजायचं ते रोग उलटतो का. वाटणी इथे चिठ्ठ्यांनीच झाली आहे, त्यामुळे अमर काळाचा घोटाळा होणार नाही. पण तिथेही प्रश्न सगळ्या उपचारांचा एकत्र आहे. गोळीने किरणांचीच धार वाढते का, हे कळायला किरणोपचाराच्या त्या तीन-पाच आठवड्यांतच गोळी देऊन पाहणारी, दाहक कर्करोगापुरती वेगळी चाचणी लागेल. आणि तो रोग इतका विरळा, की पुरेशा रुग्ण जमवायलाच कित्येक देशांची रुग्णालयं एकत्र यावी लागतील.