वालाची उसळ आणि पेप्टाइडचा डबा

"डॉक्टर, आईचं संधिवाताचं औषध थांबवून हे सुरू करू का?" असे म्हणत एका मुलाने मागे माझ्या टेबलावर पावडरचा डबा ठेवला. वर लिहिले होते: वनस्पतीजन्य पेप्टाइड, प्रतिकारशक्तीसाठी. उत्तराआधी थोडा इतिहास सांगतो. तो आपल्या वालापर्यंत जातो.

१९३३ मध्ये कमला भागवत बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रवेश मागायला गेल्या. संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला. त्या हटल्या नाहीत. अखेर अटी घालून प्रवेश मिळाला आणि काम सुरू झाले ते दूध व कडधान्यांतल्या प्रथिनांवर. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेऊन त्या परतल्या. लग्नानंतर त्या कमला सोहोनी झाल्या आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या. तिथेही त्यांचा विषय गरिबाच्या ताटातले अन्न हाच राहिला.

१९५५ मध्ये त्यांनी एका सहकाऱ्यासह 'नेचर'मध्ये लिहिले, की वाल आणि डबल बी यांच्यातून ट्रिप्सिनला रोखणारे प्रथिन स्फटिकरूपात मिळाले आहे. ट्रिप्सिन म्हणजे स्वादुपिंडातून येणारी कात्री. ती प्रथिनांचे तुकडे करते. लहान तुकडे म्हणजे पेप्टाइड. कच्चे कडधान्य ही कात्रीच अडवते. नीट शिजवले की हा अडथळा बराचसा जातो. (बिरडे करणाऱ्या आज्यांना त्यासाठी 'नेचर' वाचावे लागले नव्हते.)

पुढे गंमत आहे. सोयाबीनमध्ये याच घराण्यातला ७१ अमिनो आम्लांचा एक रेणू आहे. तो सहजी पचत नाही आणि दाह वाढवणारी काही एन्झाइम्सही रोखतो. म्हणून अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याच्या आजारात तो २८ रुग्णांवर तपासला गेला. २००८ मध्ये निष्कर्ष छापून आले: थोडा फायदा दिसला. पण एवढ्या लहान चाचणीवर औषध ठरत नाही.

वनस्पतीच्या पेप्टाइडचा माणसाच्या प्रतिकारशक्तीवरचा सर्वांत पक्का पुरावा तर उलटा आहे. सीलिअ‍ॅक आजारात गव्हाचे न पचलेले तुकडे प्रतिकारशक्तीला चेतवतात आणि आतड्याला इजा होते. अशा रुग्णांना आपली ज्वारी-बाजरीची भाकरी चालते.

त्या मुलाला मी सांगितले, औषध थांबवायचे नाही. मग आई काय जेवते ते विचारले. डाळ-उसळ "वातूळ" म्हणून त्यांनी वर्षापूर्वीच सोडली होती. दाट वरण पुन्हा सुरू केले. डबा त्याने परत नेला.